मॅडमच्या यादीतली परकी बाई

सात. यादीत फक्त सात. मी वरून मोजले, खालून मोजले, तरी सातच. काउंटरच्या पलीकडं वनस्पतीशास्त्राच्या मॅडम मोबाइल धरून उभ्या होत्या अन् म्हणून राह्यल्या होत्या, माझे एकवीस लेख होते, बाकीचे गेले कुठं, उद्या विद्यापीठात माझी बढतीची मुलाखत हाये. मी स्क्रीनवरून नजर वर केली न्हाई. कारण ते लेख आपोआप गेले नव्हते. मीच काढल्ते. आठ दिवसांमागं, ह्याच खुर्चीत बसून, एकेक करून चौदा.

आधी काम काय ते सांगते. मी कॉलेजच्या लायब्ररीत कंत्राटावर हाये, बारावी नापास, पुस्तकं मांडायला घेतल्ती मला. पण आता लायब्ररीत दुसरंच मोजतेत. कोणत्या सरांचा, कोणत्या मॅडमचा लेख कुठं छापला, अन् दुसऱ्या किती जणांनी आपल्या लेखात त्याचा दाखला दिला. माझ्या समजुतीनं म्हणजे, कोणाची किती ठिकाणी आठवण निघाली. हे सगळं कॉम्प्युटरवर ज्याच्या त्याच्या पानावर येतं, अन् बढतीला तेच बघतेत. कॉम्प्युटर सापडंल ते गोळा करतं, दुसऱ्याचेबी लेख घुसवतं. ते निवडून काढायचं काम ग्रंथपाल सरांचं. सरांनी ते मला शिकवलं अन् आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिटकवून दिला. कंत्राटी बाईला तो द्यायचा न्हाई, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सासूबाईचे फोनवर फोन. लेकराचं अंग तापलंय, तू काय तिथं खुर्ची उबवून राह्यली? लेकरू अकरा महिन्यांचं. आमच्या गावाची, धावड्याची जीप पाचला भरून निघती, ती गेली की मंग खोळंबाच. सरांनी बजावलं होतं, नाव जुळलं न्हाई की काढा, परक्याचा लेख सापडला तर विद्यापीठ फसवणूक म्हणंल. मॅडमच्या पानावर चौदा लेख, मोसंबीची बुरशी, मोसंबीची मुळं, अन् नाव भलत्याच बाईचं. पहिलं येगळं, मधलं येगळं, आडनावबी येगळं. म्हणलं, ही कोण बया आमच्या मॅडमच्या घरात घुसली? जल्दी जल्दी काढले अन् जीप धरली.

आता सर आतून आले अन् मॅडमला समजावू लागले, मशीननं काढले असतील, होतं कधी कधी, तुमचं नाव कुठं होतं त्याच्यावर?

"ती मीच आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "लग्नाआधीची."

दुसऱ्या कोणाला कळलं नसतं तर ठीक, पण मला कळायला नको होतं का? माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिल्तं. तव्हापासून दहावीच्या सर्टिफिकेटावरची पोरगी अन् आधारवरची बाई ह्या दोघी येगळ्या. मीबी तर दोन नावांचीच.

मॅडमनी तिथूनच विद्यापीठात फोन लावला. तिथले लोक म्हणाले, लेख परत लावता येतील, पण पाचच्या आत लायब्ररीचं पत्र पाहिजे, कोणी काढले, काहून काढले. मशीनची चूक म्हणलं तर चौकशी लागंल अन् तिला पंधरा दिवस जातील.

सरांनी मला कपाटांच्या मागं बोलावलं. आवाज चढवला न्हाई त्यांनी, त्याचंच जास्त भ्या वाटलं. म्हणाले, "मशीनचं लिहू. खरं लिहिलं तर पासवर्ड दिला म्हणून मी अडकतो. अन् तुमची कंत्राटाची ऑर्डर माझ्याच सहीनं निघते, बराबर?" हे तेच सर, मी पोटुशी असताना मला शिडीवर चढू दिलं न्हाई, बाळंतपणात दोन महिने माझी जागा कोणाला दिली न्हाई. मी नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली का न्हाई म्हणून, ते मलाबी ठाऊक न्हाई.

बाहेर आले तर मॅडम बाकड्यावर बसल्या होत्या, मांडीवर जुन्या नावाची प्रमाणपत्रं, त्यांच्या कडा बोटांनी सरळ करीत. मंग मी कागद घेतला. खोडाखोडीत दोन कागद फुकट गेले. लिहिलं, चौदा लेख मी काढले, लग्नानंतर नाव बदलतं हे माझ्या ध्यानात आलं न्हाई, पासवर्ड सरांचा होता. मॅडमनी वाचलं, एक शब्द सुधारला अन् फोटो काढून पाठवला. आभार न्हाई मानले. काहून मानावे? पाचला काही मिनिटं असताना पानावर एकवीस आले. माझी जीप हुकली.

मॅडम मुलाखतीला जाऊन आल्या, निकाल अजून यायचाय. सरांना प्राचार्यांनी लेखी जबाब मागितला. ते माझ्याशी बोलत न्हाईत, काम असलं की टेबलावर चिठ्ठी ठेवतेत. माझी ऑर्डर संपली, नवी निघाली न्हाई, तरी मी रोज येऊन बसते अन् दार वाजलं की उठून उभी राहते. सासूबाई म्हणतेत, ज्यानं संभाळलं त्यालाच बुडवलं तू. तुम्ही त्या कपाटामागं उभ्या असता, घरी अकरा महिन्यांचं लेकरू, पुढं सर अन् बाहेर बाकड्यावर मॅडम, तर तुम्ही काय केलं असतं?