गंगुबाई गावाला गेल्या आहेत

लालबागच्या त्या चाळीत बेलिफाला वाटेला लावणं रघुवीर पेडणेकरांइतकं कुणालाच जमत नसे. कोर्टाचा माणूस पिशवी सांभाळत जिना चढताना दिसला, की हे लेंग्याची नाडी आवळत गॅलरीत हजर. कागद कुणाच्याही नावाचा असो, उत्तर ठरलेलं. "ते गावाला गेलेत हो. सात-आठ महिने झाले. कधी येतील, काय सांगावं?" ज्याच्या नावाचा कागद, तो तेव्हा दाराआड वाल सोलत बसलेला असे. बेलिफही चहा पिऊन, कागदावर दोन ओळी खरडून निघून जाई आणि चाळकऱ्याला वकील गाठायला महिनाभर सवड मिळे. याला खोटं बोलणं म्हणतात, हे रघुवीरांच्या कधी मनातही आलं नाही. त्यांच्या लेखी तो शेजारधर्म होता.

शेजारच्या खोलीत गंगुबाई घाडी एकट्या राहत. मोबाइल त्यांनी कधी घेतलाच नाही. भाडेपावतीपासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे नंबर रघुवीरांचा. यंदा त्या शिमग्याला गावी गेल्या आणि भावजय आजारी पडली म्हणून दोन महिने तिकडेच राहिल्या. नेमका तेव्हाच रघुवीरांच्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला. सोबत बावीस पानांची फाइल, सगळी इंग्रजी, वर कोर्टाचा शिक्का आणि खाली गंगुबाईंचं नाव.

रघुवीर चक्रावले. कोर्ट मोबाइलवर कसं येईल? बेलिफ कुठाय? सही कुठे करायची? आधी वाटलं, फसवणूक असेल. पण शिक्का तर अस्सल दिसत होता. अर्धा तास चष्मा वर-खाली करून शेवटी त्यांनी जे येत होतं तेच केलं. एका बोटाने टाइप केलं, 'गंगुबाई गावाला गेल्या आहेत. सात-आठ महिने झाले. कधी येतील सांगता येत नाही. रघुवीर पेडणेकर, शेजारी.' मग वाट पाहिली. उलट काहीच आलं नाही. गेला बेलिफ, असं म्हणून ते निर्धास्त झाले.

गंगुबाई परतल्यावर रघुवीरांनी ऐटीत सांगितलं, "वैनी, कोर्टाचो कागद इल्लो. परत धाडलंय." गंगुबाईंनी खूश होऊन त्यांच्या हातावर सोलकढीसाठी आमसुलांच्या दोन पुड्या ठेवल्या.

महिन्याभराने मालकाच्या मुकादमाने जिन्यातच सुनावलं, "आजी, पुढची तारीख झाली की खोली गेली तुमची." तेव्हा कुठे दोघं धावत परळला वकील आकांक्षा राणे यांच्याकडे गेली. त्यांनी कॉम्प्युटरवर दावा उघडला. दावा दाखल होण्याआधी सलग सहा महिने गंगुबाई खोलीत राहिलेल्या नाहीत, सबब खोली परत मिळावी, असं मालकाचं म्हणणं होतं.

"समन्स बजावून झालंय," वकीलबाई म्हणाल्या.

"छे! मी परत पाठवलं ना."

"काका, मोबाइलवरचं परत जात नाही. तुम्ही उघडलंत, वाचलंत, वर उत्तरही दिलंत. हे बघा. मालकाच्या वकिलाने तेच पुरावा म्हणून लावलंय."

पडद्यावर रघुवीरांचंच वाक्य होतं, तारीख आणि वेळेसकट. त्यांनी ते तीनदा वाचलं. अक्षरं आपली, नाव आपलं, पण आपण हे कोर्टाला लिहिलं होतं? आपण तर बेलिफाला सांगितलं होतं!

"विजेची बिलं लावू आपण," वकीलबाई म्हणाल्या, "पण जवळच्या शेजाऱ्याचं लेखी म्हणणं जड पडतं."

"मग मी येऊन सांगतो की! वैनी चाळीस वर्षं इथेच राहतात."

"शपथेवर लिहून द्यावं लागेल. तेव्हा खोटं लिहिलं, असं."

"खोटं नको हो. चुकून झालं, असं घाला."

"मग सात-आठ महिने कुठून आणले, विचारतील."

कुठून आणले? सात-आठ महिने हे नेहमीचेच होते. ते आजवर कुणी मोजले नव्हते.

"आणि तेव्हा खोटं बोललात तर आत्ताचं खरं कशावरून, हेही विचारतील. कोर्ट तुमच्यावर नाराजही होऊ शकतं. विचार करा."

रघुवीरांचं डोकं भणभणलं. खरं सांगायचं तर आधी खोटारडा ठरायचं, आणि गप्प बसावं तर वैनी रस्त्यावर. सत्तरीला आलेल्या माणसाने यातलं काय समजून घ्यायचं? त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. मग म्हणाले, "लिहा. खोटं लिहिलं होतं म्हणून लिहा."

वकीलबाई टाइप करू लागल्या. गंगुबाईंना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. खोली जाऊ शकते आणि रघूने काहीतरी कबूल केलंय, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी हळूच त्याची बाही ओढली.

"रघू, ह्यात तुका काय त्रास होवचो नाय मां?"

रघुवीरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.