भेगेवरची पट्टी

घर विकत घेण्याची तयारी माझ्या मोठेबाबांइतकी अख्ख्या वाशीम जिल्ह्यात कोणी केली नसेल. वीसेक वर्षं ते घरंच पाहत होते. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, बांधकाम खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. हाउसिंग बोर्डाने कधीकाळी कष्टकऱ्यांसाठी भाड्याची घरं बांधली होती, त्यांना सगळे ‘बोर्डाची लाइन’ म्हणतात. तिथे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते आणि मोठीआई राहत. मी मेडशीहून शाळेसाठी त्यांच्याकडे आले आणि नोकरी लागली तरी तिथेच राहिले. त्यामुळे त्यांनी नापसंत केलेली बरीच घरं मीही पाहिली आहेत.

घर पाहायला निघताना त्यांच्या पिशवीत एक काचेची गोटी, जुन्या कॅलेंडरचा कागद, ब्लेड आणि डबीत मैद्याची खळ असे. गोटी फरशीचा उतार पाहायला. एकदा ती मालकाच्या कपाटाखाली गेली, तर यांनी मालकाकडूनच कपाट सरकवून घेतलं आणि वर त्यालाच म्हणाले, “पाह्यलं? तुमचं घर उत्तरेले चाललं.” ऐन वैशाखात दुपारचा डबा घेऊन ते परक्या घरात जेवायला बसत, घर किती तापतं ते कळावं म्हणून. पण त्यांचा खरा भरवसा कागदाच्या पट्टीवर. आमच्याकडची काळी जमीन उन्हात फाटते, पावसात फुगते आणि तिच्यावरच्या भिंतींना भेगा देते. मोठेबाबा अशा भेगेवर आडवी पट्टी चिकटवत आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख टाकत. पट्टी फाटली तर भेग जिवंत, घर बाद. चुलतभावासाठी अनसिंगला मुलगी पाहायला गेलो होतो, तिथेही पोहे येईपर्यंत यांनी बैठकीतल्या भिंतीवर पट्टी लावली होती. मुलीच्या वडिलांना वाटलं, आमच्यात तशी काही रीत असेल. ते हात जोडून उभे राहिले.

या वर्षी मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोठीआईचे गुडघे गेले होते. नळ खाली, घर वर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जिना बंद करा. ती पायरीवर बसून, एकेक पायरी सरकत खाली उतरायची आणि कोणी पाहिलं तर पदर नीट करत असल्यासारखं करायची. अशात गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये एका गुरुजींचं घर विकायला निघालं. तळमजला, दारात नळ. गुरुजी मुलाकडे कायमचे जाणार होते. मोठेबाबांना नाव ठेवायला त्या घरात एकच भेग सापडली, स्वयंपाकघरात. तिच्यावर पट्टी लागली. दोन महिने गेले. शेवटी गुरुजींचा निरोप आला, रविवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवा, आसेगावचं गिऱ्हाईक इसार घेऊन बसलं आहे.

ते दोन महिने आमच्या घरात कोणी धड बोललं नाही. मोठीआई भांडी जरा जास्तच जोरात ठेवायची. मोठेबाबा पेपरचं एकच पान तासभर वाचायचे. शनिवारी ती म्हणाली, “उद्या तुमी नका जाऊ पट्टी पाहाले. पोरगी जाईन. तिले खोटं बोलता येत नाई.”

“मंग मले येते काय?”

“तुमाले घरं नाकारता येते.”

रविवारी सकाळी मोठेबाबा नेहमीपेक्षा लवकर फिरायला गेले. ते परत आल्यावर मी निघाले. गुरुजी म्हणाले, “आत्ताच तर मुकादम येऊन गेले, पाणी पिऊन.” मी सरळ स्वयंपाकघरात गेले. पट्टी मधोमध तुटलेली होती.

मग मी जवळ जाऊन पाहिलं. फाटलेल्या कागदाला कड खरबरीत असते, बारीक तंतू निघतात. इथे दोन्ही कडा फूटपट्टीने रेघ मारावी तशा होत्या आणि एकमेकींना टेकलेल्या. भिंत हलली असती तर मध्ये केसभर तरी अंतर पडलं असतं. भेग होती तिथेच होती.

परतताना लाइनीत शिरले, तर रोज दिसणारंच दिसत होतं, पण आज त्याचा अर्थ लागत होता. कोणाचा नळ गळतो, कोणाचं दार फुगलं, हाक एकच, “मुकादम, या बरं जरा!” निवृत्तीनंतरही इथे ते मुकादम होते. नव्या लेआउटमध्ये त्यांना कोण हाक मारणार होतं?

वर गेले तेव्हा दोघं दाराकडे पाहत बसले होते. मोठीआईने एक हात गुडघ्यावर दाबून धरला होता. मोठेबाबा माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे पाहत होते.

“काय झालं वं?” मोठीआईने विचारलं.

“पट्टी आहे तशी आहे,” मी म्हणाले.

मोठेबाबांनी मान वर केली. मला वाटलं, आता ओरडतील. पण ओरडणार काय म्हणून? “नीट पाह्यली?” त्यांनी विचारलं.

“अगदी जवळून पाहिली.”

खाली कोणीतरी बादली नळाला लावली. मग मोठेबाबा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, “गुरुजीले फोन लाव बाप्पा. येतो म्हन.” मोठीआईने पदर तोंडाला लावला आणि उगाचच चहा ठेवायला आत गेली.

लाइनीतल्या खोल्या सोडण्याच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला, पण मोठेबाबा काही खाली येईनात. मी वर गेले. रिकाम्या खोलीत ते स्टुलावर उभे होते. चाळीस वर्षांचे खिळे उपटून, एकेक भोक लांबीने, म्हणजे पांढऱ्या पुट्टीने, बुजवत होते.

“पुढच्याले आपले भोकं कायले ठेवाचे?” ते म्हणाले.

मी लांबीची वाटी धरली. बराच वेळ आम्ही एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकत होतो.

“ब्लेडनं कापलेलं ओळखू येते काय गं?” त्यांनी भिंतीकडे पाहतच विचारलं.

“येतं.”

“हं.” त्यांनी आणखी एक भोक बुजवलं, बोटाने सारखं केलं. “तिच्याजवळ बोलजो नको.”

दाराजवळ शेवटचा एक खिळा राहिला होता. त्यांनी तो चिमटीत धरला, हलवून पाहिला. पक्का होता.

“हा राहू दे,” ते म्हणाले. “त्यायले शर्ट टांगाले होईन.”