रशियन घड्याळांवरच्या टिकल्या

पैज साधी होती. गणपतीच्या चवथीच्या आधी यजमानांनी संगणकावरचं विमान एकदा तरी न पाडता उतरवायचं. जमलं नाही तर चवथीच्या शंभर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, त्यांनी एकट्याने करायच्या. पैज लावली दिराने, धडकी भरली मला. स्वयंपाकघर माझं ना! यजमानांनी मागे एकदा चहा केला, तर साखर आठवडाभर पंख्यावरून खाली येत होती.

विमानाचा खेळ मुलीने परदेशी जाताना घरी ठेवला. यजमान सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, तेव्हापासून त्यांचे हात शिवशिवत. खेळात त्यांनी नेमकं रशियन विमान निवडलं, ट्रकासारखं दणकट दिसतं म्हणून. समोर उंची, वेग असलं काहीबाही दाखवणारी वीसेक काट्यांची घड्याळं, आणि त्यांवर सगळी रशियन अक्षरं. मी चौथी शिकलेली, दीर पदवीधर, पण त्या अक्षरांपुढे सगळे माझ्याच वर्गात येऊन बसले. मला बरं वाटलं.

युक्ती मीच काढली. काटा कुठे गेल्यावर काय होतं ते रोज पाहायचं आणि पडद्यावर तिथे टिकली चिकटवायची. काटा हिरव्या टिकलीवर असला की ठीक, लाल टिकलीला टेकला की विमान शेतात. टिकल्यांचं पाकीट संपलं, पण घड्याळं वाचता येऊ लागली. यजमान चालवायचे, मी शेजारून हळूच सांगायची, "उंचीचा काटा लालाकडे चाललाय."

"मोठ्यान सांग गो!"

ते मला जमत नाही.

पैजेच्या दिवशी दीर खुर्ची ओढून बसला. "वैनी, पीठ मळून ठेव. दादा लाटणा धरतलो."

समोर माझ्या माहेरचा, पेडण्याचा विमानतळ आला. धावपट्टी नीट दिसेना म्हणून यजमानांनी नजर वर करायचं बटण दाबलं. घड्याळं सगळी खाली सरकली, टिकल्या मात्र जागच्या जागी! आभाळभर लाल-हिरव्या टिकल्या.

"काटो खंय आसा? सांग!"

डोळ्यांपुढे तेलात फुटलेल्या शंभर नेवऱ्या आल्या. घड्याळं सोडून मी सरळ धावपट्टीकडे पाहिलं आणि ओरडले. यजमान ट्रक अंगणात मागे घ्यायचे, तेव्हा तुळस आणि माड वाचवायला मी ओरडायची तसं. तेवढं एकच मला मोठ्याने येतं.

"येवं दे, येवं दे... डावीक... येवं दे... बस!" आणि ट्रकाच्या फळीवर मारायची तशी टेबलावर थाप मारली.

थाप ऐकताच यजमानांनी सवयीने करकचून ब्रेक दाबला. तो माझा पाय होता. त्या भरात त्यांच्या हातातली विमानाची दांडी मात्र सुटली. विमान धप्पकन टेकलं, गवतात घुसलं आणि एका झाडापुढे थांबलं.

"दादा, ह्या पार्किंग झाला, लँडिंग न्हय!"

"पडला खंय? उभा आसा!"

चहा निवेपर्यंत भांडून दोघांनी तोड काढली: पन्नास नेवऱ्या ह्याने, पन्नास त्याने. म्हणजे एक पुरुष टाळायला गेले आणि स्वयंपाकघरात दोन आले. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवं पाकीट आणलं, शेगडीच्या बटणापाशी लाल टिकली लावली आणि चवथीच्या आदल्या दिवशी दारात उभी राहून दुपारभर "बस!" म्हणून ओरडत राहिले.