पडद्यावरचा डबा

तालमीत सिनेमावाले आले तेव्हा मला वाटलं, यांना दुधनीकडच्या पैलवानानंच पाठवलंय. माझी त्याच्याशी कुस्ती ठरली होती, आणि एकदा कुस्ती ठरली की आम्ही परक्याच्या हातचं पाणीसुद्धा पीत नसू. कोण काय कालवेल, नेम नाही. वस्ताद सांगायचे, मागं एका गड्यानं कुणाचा तरी पेढा खाल्ला आणि त्याला आखाड्यातच ओकाऱ्या झाल्या. खरंखोटं कुणी विचारलं नाही, पण आमच्या तालमीत प्रसादसुद्धा हुंगून खायचे.

माझा खुराक आई आणायची. सोलापूरच्या कडेला आमचं घर होतं, दारात एकच म्हैस. धार काढून, चरवीवर फडकं बांधून ती सकाळी चालत यायची. बायका तालमीत येत नसत, म्हणून दारातूनच चरवी द्यायची आणि लगेच निघायची. मी प्यालो का, हे बघायला ती कधी थांबली नाही.

सिनेमावाले म्हणाले, कुस्तीवर छोटा सिनेमा काढतोय, टॉकीजमध्ये मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवतील. कुस्तीचं एवढं प्रेम कुणाला आलं, असं वस्तादांनी विचारलं, तर ते नुसते हसले. इथंच कुठंतरी पाणी मुरत होतं. मग त्यांच्या पिशव्यांतून डबे निघाले. दुधात घालून प्यायच्या ताकदीच्या पावडरीचे. एक डबा त्यांनी मारुतीच्या कोनाड्यात ठेवला. वस्तादांनी तो काढून बाहेर ठेवला. तिथून तो खिडकीत गेला, खिडकीतून मुद्गलांशेजारी. आम्ही झोंबी घेतली तरी कॅमेरा डब्याकडेच बघत होता.

शेवटी त्यांनी माझ्या हातात पेला दिला. मी सरळ नाही म्हणालो. कॅमेरावाला म्हणाला, पिऊ नका, नुसता तोंडाला लावा. ते मला चाललं. दात घट्ट मिटून मी पेला ओठांना टेकवला आणि नंतर मागल्या बाजूला नेऊन तालमीच्या मांजरापुढं ओतला. तासभर मांजरावर नजर ठेवून बसलो. मेलं तर नाहीच, उलट दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच येऊन बसलं. तरी मी स्वतःला लई हुशार समजत होतो.

कुस्ती बरोबरीत सुटली. पुढं काही महिन्यांनी तो सिनेमा आमच्याकडच्या टॉकीजला लागला, आणि शेजारणींबरोबर आईही बघायला गेली. मी मागं उभा होतो. पडद्यावर मी भिंतीएवढा दिसत होतो. मी पेला तोंडाला लावला आणि एक जाड आवाज म्हणाला की या पैलवानाच्या ताकदीचं गुपित या डब्यात आहे. टॉकीजमध्ये शिट्ट्या झाल्या. घरी येताना आई काहीच बोलली नाही. मला वाटलं, लेकाला पडद्यावर बघून भारावली असेल.

सकाळी तालमीच्या दारात चरवीवरचं फडकं सोडलं तर दूध तपकिरी. वासही वेगळा. सवयीनं मी चरवी नाकाशी नेली. आईच्या हातचं दूध मी जन्मात कधी हुंगलं नव्हतं, आणि ती समोरच उभी होती.

"हुंगतूस काय? तुझंच हाय त्ये," ती म्हणाली. "डबा आणलाय. म्हशीच्या दुधानं भागत न्हवतं तर मला सांगायचं की. परक्याच्या हातचं कशाला प्यायचं?"

मी म्हणालो, "आई, मी पिलो न्हाय. नुसतं वटाला लावलं."

"मी डोळ्यानं बघितलंय की. वटावर साय व्हती."

मारुतीची शपथ घेतली. ती म्हणाली, देवाला मधी आणू नगंस. ज्या माणसांवर मी घटकाभरही विश्वास ठेवला नाही, त्यांचं तिनं खरं मानलं, कारण पडद्यावर तोंड माझं होतं. मला रडू येत होतं. तपकिरी दूध मी गटागटा पिऊन टाकलं.

ती मात्र निघाली नाही. रिकामी चरवी हातात घेऊन तिनं उजेडाला धरली आणि तळ बघितला. मी तालीम सोडेपर्यंत मग ती रोज बघायची.