हिरवळीखालची वाडी

चाकणच्या कारखान्यांमागे डोंगरात घोणदरा आहे. आज तिथे निसर्ग उद्यान आहे आणि तिकीट खिडकीवर मी, यास्मिन, बसते. रविवारी वाकडच्या गाड्यांची रांग लागते. पोरं लोळतात त्या हिरवळीवर एक वाडी नांदत होती, हे कुणाला सांगून पटत नाही. दरडीच्या भीतीने लोकांना चिखलीला हलवलं, घरं पाडली, आणि काही वर्षांनी उद्यान झालं.

कस्तुरामावशी त्याच वाडीतली. मुलगा नागसेन कंपनीत चांगल्या पगारावर आहे, तरी ही बाई इथे झाडू मारते. तो समजावून थकला. खरं कारण तिने फक्त मला सांगितलं होतं. तिची सोनी दोन वर्षांची, नुकती बोलायला लागलेली, तापाने गेली. तिला परसात पुरलं होतं. वाडी उठली, पोरगी तिथेच राहिली.

मोकळ्या हिरवळीवर एका जागी मावशी हटकून वाकायची. "तितं माज्या घराची चौकट हाय, डोक्याला लागती," म्हणायची. मी पोट धरून हसायचे. मग एकदा एक उंचापुरा पाहुणा, मोबाईलवर बोलत चाललेला, नेमका तिथेच वाकला. तेव्हापासून मी हसत नाही.

त्याच्या पलीकडे, जुन्या परसाच्या जागी, मावशी रोज एकटीच डबा खायची. मलाही जवळ येऊ द्यायची नाही.

यंदा तिथेच पाण्याची टाकी ठरली. "हाडं मशीनच्या दातात आली तर गं?" मावशीने मला विचारलं. मी साहेबांशी भांडले, पण माझं कोण ऐकतं!

खोदायच्या दिवशी ती हाडं गोळा करायला पांढरं फडकं घेऊन उभी राहिली. मशीन पुरुषभर खोल गेलं. नुसता मुरूम निघाला.

"काय शोधताय मावशी?" मशीनवाल्याने विचारलं. "हा सगळा भराव आहे. उद्यान करताना जुनी माती आम्हीच खरवडून ओढ्यात लोटली होती."

मावशी रडली नाही. मी तिचा हात धरला.

"म्हंजे सोनी हितं न्हाईच?"

"नाही, मावशी."

"जेवताना मी रोज तिला हाक मारते. रोज ओ येती. मग ती कुनाची?"

मावशीने फडक्याची घडी केली आणि दबक्या आवाजात विचारलं,

"आन उद्या मी हाक न्हाई मारली, तर ते वाट बघंल का गं?"