एकाने काय होतंय?

हार्ट अटॅकमधून वाचलेल्या दादाच्या उशाशी मावशीने पेढ्यांचा पुडा ठेवला. "जिवावरचं संकट टळलं, तोंड गोड कर."

मी पुडा झटकन उचलला, तर मावशी म्हणते कशी, "अगं, एकाने काय होतंय?"

याच वाक्याने घात केला. दादाला डायबिटीस. तपासणीआधी आठवडाभर गोड सोडायचा आणि रिपोर्ट बरा आला की पेढे वाटायचा! अटॅक आला तेव्हा रक्तातली साखर भडकलेली होती, त्यामुळे धोका आणखी वाढला, असं डॉक्टर आत्ताच सांगून गेले. तरीही पेढा! माया करायला आपल्याला साखरेशिवाय दुसरं काही सुचतच नाही का?

मी संतापून मावशीकडे बघत होते. तेवढ्यात दादाचा सलाइन लावलेला हात माझ्या हातातल्या पुड्याकडे हळूच सरकला.