न मोडलेल्या तीन चाचण्या

माझी पुतणी चिझुरू आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. काम बसून करायचं आहे, पण ती बसत नाही. संगणक स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि ही टेबलाभोवती. चार ओळी लिहायच्या, उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं. टेबल आणि खिडकी यांच्यामधल्या लाकडी जमिनीचं पॉलिश नऊ वर्षांत उडालं. मी दोनदा लावलं. आता लावत नाही.

ती त्रेचाळीस वर्षांची, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आईवडील गेले म्हणून ती माझ्याकडे राहायला आली, की मी म्हातारा झालो म्हणून आली, यावर आमचं एकमत नाही.

आधी ती एका कारखान्यात तपासणीला होती. तांदळाच्या दाण्याहून लहान सुटे भाग पट्ट्यावरून यायचे, त्यातला तडा गेलेला चिमट्याने उचलायचा. बारा वर्षं तेच. कारखाना बंद झाल्यावर शहराने भरवलेल्या वर्गात प्रोग्रॅमिंग शिकली. इथे मात्सुए शहरात ते शिकणं म्हणजे सरोवरातले शिंपले काढायला शिकण्यासारखं आहे, कुणीतरी ओळखीचं त्यात असतंच. एका छोट्या कंपनीत तिला पुन्हा तपासणीचंच काम मिळालं. दुसरे लोक वेबपानं तयार करतात, ही ती तपासणाऱ्या चाचण्या लिहिते.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "म्हणजे तू करतेस काय?"

"काका, वेबपान म्हणजे डब्यात डबे. प्रत्येक डब्याला आतून एक नाव असतं. वाचणाऱ्याला ते दिसत नाही. रंग देणारा त्या नावावरून रंग देतो, या नावाच्या डब्यातली अक्षरं लाल, त्या नावाच्या डब्यातली निळी. मी त्याच नावांनी तपासते. अमुक डब्याच्या आत तमुक डबा, त्यात ओळी किती? पाच हव्यात. पाच सापडल्या तर हिरवं, चार सापडल्या तर लाल."

"म्हणजे पत्ता लिहून घरी जातेस आणि माणसं मोजतेस."

"हो. त्याला सिलेक्टर म्हणतात. पण पत्ताच तो."

हे मला कळलं. मी चाळीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर काढली, हातात लांब दांड्याची हातोडी घेऊन. घट्ट बोल्ट वाजतो, सैल बोल्ट बदकन् बोलतो. आमच्या शेडबाहेर रुळाचा एक तुकडा ठेवलेला होता, त्यात दोन बोल्ट. एक घट्ट, एक मुद्दाम सैल सोडलेला. कामावर निघण्याआधी प्रत्येकाने दोन्ही ठोकायचे. कान आज चालतो की नाही, ते आधी कळायला हवं. एखादा आळशी फक्त घट्टवर ठोकून पुढे निघाला तर मुकादम त्याला परत बोलवायचा.

मी हे सांगितल्यापासून चिझुरू तसंच करते. नवी चाचणी लिहिली की आधी पान मुद्दाम बिघडवते. पडदा लाल झाला की बोट रोखून मोठ्याने म्हणते, "लाल, बरोबर." मग पान नीट करते. "हिरवं, बरोबर." बोट रोखून मोठ्याने बोलायची ही सवय रुळांवरचीच, माझ्याकडून गेलेली. शेजारची बाई विचारते, तुमच्याकडे आगगाडी कधी येते?

कचेरीत मात्र तिला 'दगडी पूल' म्हणतात. दगडी पूलसुद्धा ठोकून बघून मगच ओलांडावा, अशी आमच्याकडे म्हण आहे. गेल्या शरदात तिने एक काम चालू व्हायच्या दिवशी थांबवलं. दिवसभर शोधलं, काही निघालं नाही. तिच्या गटाचा प्रमुख नारिआई सगळ्यांसमोर तिचं आडनाव घेऊन, 'सान' असा मान देऊन म्हणाला, "कात्सुबे-सान पूल मोडेपर्यंत ठोकतात. आम्हाला पलीकडे जायचंय हो." लोक हसले. नारिआई एकतीस वर्षांचा, हाताने चपळ, मनाने वाईट नाही. पण नाव चिकटलं.

आता त्या सोमवारचं सांगतो. फेब्रुवारी होता. सरोवरावरून वारा, त्यात बर्फमिश्रित पाऊस.

एकट्या म्हाताऱ्या माणसांना जेवणाचे डबे पोचवणारी एक संस्था आहे. तिच्या स्वयंपाकघरासाठी चिझुरूच्या कंपनीने एक पान तयार केलेलं. कुणाच्या डब्यात काय भरायचं, ते डबे भरणाऱ्या बायकांनी त्यावर वाचायचं. अक्षरं बारीक आहेत म्हणून बायका कुरकुरत होत्या आणि छापील याद्यांवरच काम चालवत होत्या. म्हणून नारिआईने पान पुन्हा बांधलं. दुपारी एक वाजता नवं पान चालू होणार, आणि तीन वाजल्यापासून संध्याकाळचे डबे त्यावर बघून भरले जाणार.

त्या यादीत मीही आहे. मंगळवारी आणि गुरुवारी चिझुरू कचेरीत जाते, तेव्हा माझं दुपारचं जेवण तिथून येतं. माझ्या नावाखाली लिहिलेलं असतं, 'सोबा नको'. बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या या शेवया आमच्या भागात देवळापुढे खातात, लग्नानंतर खातात, काही कारण नसतानाही खातात. मला त्या चालत नाहीत. चिझुरू नऊ वर्षांची असताना माझ्या मित्राने आग्रह केला, मी चार घास खाल्ले आणि दुकानातच माझा गळा सुजून बंद झाला. डॉक्टरला बोलवायला ती अनवाणी धावली होती. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

सकाळी दहा वाजता नारिआई पडद्यावर आला.

"बत्तीसच्या बत्तीस हिरव्या! कात्सुबे-सान, आज पूल ओलांडायचा ना?"

"नारिआई-सान, तुम्ही आतली सगळी नावं बदललीत."

"हो. जुनी नावं म्हणजे अडगळ होती."

"म्हणून शुक्रवारी माझ्या एकोणतीस चाचण्या मोडल्या. पत्ते बदलून मी त्या नीट केल्या."

"मोठं काम केलंत. दमला असाल."

"तीन मोडल्याच नाहीत."

"मग चांगलंच की! तेवढं काम वाचलं." तो हसला आणि गेला.

चिझुरू उठली. खिडकी, टेबल, खिडकी. मध्येच शिंपल्यांचं सूप चुलीवर ठेवलं. वाडग्यात ओतलं. मी एक घोट घेतला. मिसो, म्हणजे चव आणणारी सोयाबीनची खारट चटणी, घालायला विसरली होती.

"कसं झालंय, काका?"

"गरम आहे."

ती पुन्हा खिडकीकडे गेली. "सगळ्या घरांचे पत्ते बदलले. एकोणतीस पत्रं परत आली. तीन पोचली कशी?"

"कुठली तीन ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग फिरतेस कशाला? बस आणि बघ."

"बघितलं आणि शंका फिटली नाही, तर एक वाजताचं काम थांबवावं लागेल. आणि परत काही निघालं नाही तर? काका, दुसऱ्यांदा ते हसणार नाहीत. माझं ऐकणंच सोडतील. मग पुढच्या वेळी मी खरं सांगितलं तरी कुणी थांबणार नाही."

"आणि बघितलंच नाहीस तर?"

ती टेबलापर्यंत परत आली, पण बसली नाही.

"ठोकायचं की नाही, हा प्रश्न तुझा नाही," मी म्हणालो. "ठोकायला तुला पगार मिळतो. आवाज काय येतो ते नंतरचं."

अकरा वीसला ती बसली. एकदा बसल्यावर तिला वेळ लागला नाही.

तिन्ही चाचण्या एकाच जातीच्या निघाल्या. बाकीच्या एकोणतीस विचारत होत्या, अमुक गोष्ट आहे ना? या तीन विचारत होत्या, अमुक गोष्ट नाही ना? पहिली, जेवणाचा डबा बंद केलेल्या माणसाचं नाव यादीत नाही ना? दुसरी, कुणाचा फोन नंबर उघडा पडलेला नाही ना? तिसरी, पानावरच्या 'सोबा-पथ्य' नावाच्या डब्याच्या आत 'सोबा' नावाचा पदार्थ नाही ना? मोजून शून्य यायला हवं.

नारिआईने 'सोबा-पथ्य' हे नाव काढून दुसरंच ठेवलं होतं. चाचणी अजून जुन्या पत्त्यावर जात होती. तिथे घरच नाही. घर नाही तर त्यात सोबा कुठून असणार? शून्य हवं, शून्य मिळालं. हिरवं.

"दोन वर्षांपूर्वी मी ही ठोकून घेतली होती," ती म्हणाली. "तेव्हा नीट लाल झाली होती. आणि गेले तीन दिवस मी रिकाम्या प्लॉटकडे बोट दाखवून 'बरोबर' म्हणतेय."

मी तिला रुळांवरच्या माझ्या एका सहकाऱ्याचं, काजितानीचं सांगितलं. आमच्या एका टप्प्यावर सांधे काढून अखंड जोडलेले रूळ टाकले. बोल्ट उरलेच नाहीत. काजितानी तीन महिने अहवालात लिहीत राहिला, सैल बोल्ट शून्य.

"मग त्याचं काय झालं?"

"बढती."

ती हसली, पण हात थांबले नाहीत. तिने चाचणीत वरती एक ओळ घातली. आधी अशी घरं किती आहेत ते मोज. तपासणीसाठी बनवलेल्या खोट्या यादीत चार माणसांना सोब्याचं पथ्य होतं, म्हणजे चार घरं हवीत. जुना पत्ता तसाच ठेवून तिने चाचणी चालवली. बोट रोखलं. "लाल, बरोबर." मग नवे पत्ते घातले. पहिली चाचणी हिरवी. दुसरी हिरवी.

तिसरी लाल.

घरं चार हवी होती, चार सापडली. सोबा शून्य हवा होता, एक सापडला.

या वेळी तिचं बोट वर झालं नाही. तिने पान स्वतः उघडून डोळ्यांनी पाहिलं. एक पथ्य असलेल्या माणसांचे डबे नीट होते. ज्याला दोन पथ्यं होती, सोबा आणि कोळंबी, त्याच्या डब्यातली कोळंबी बदलली होती आणि सोबा तसाच राहिला होता. नवं पान दुसरं पथ्य लावताना पहिलं पुसत होतं.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने नारिआईला बोलावलं. त्याच्या तोंडात भाताचा गोळा होता.

"लाल आहे."

"आत्ता? कुठे?"

"दोन पथ्यं असलेल्या माणसाच्या डब्यात सोबा येतोय."

"पत्ता चुकला असेल तुमचा."

"घरं मोजली. चार हवीत, चार आहेत. जुनीच चाचणी रिकाम्या जागी जात होती. ती चूक माझी. पण सोबा खरा आहे."

तो चावायचा थांबला. कळफलकाचा आवाज आला, बराच वेळ.

"हो, आहे," तो म्हणाला.

"एकच्या आत नीट होईल?"

"घाईत करून ठेवीन. पण..."

"तपासून होईल का ते विचारतेय."

"नाही होणार."

"मग चालू करू नका."

"साहेबांना काय सांगू? परत दगडी पूल?"

"तेच सांगा. पूल ठोकला, आणि आज दगड हलला."

मग तिने संस्थेच्या स्वयंपाकघरात फोन लावला. तिथल्या मुख्य योनेहारा बाईंचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू येत होता.

"अहो, जुन्या याद्या मी सकाळीच फाडल्या! तुम्हीच म्हणालात ना, आजपासून कागद बंद? आता मी काय डोक्यातून भरू?"

"नवीन छापून दोनच्या आत पाठवते. चूक आमची आहे, माफ करा. दोन पथ्यं असलेलं आजच्या यादीत कुणी आहे का?"

"एकच आहेत. नदीपलीकडच्या आजी, अठ्ठ्याऐंशीच्या. सोबा नाही, कोळंबी नाही. अगंबाई. आज संध्याकाळी सोब्याच्या पिठाचे गोळे आहेत. गोळ्यात काय घातलंय ते दिसत नाही हो. पानावर लिहिलंय म्हणून मी भरलेच असते."

"आज कागदावर बघून भरा."

"भरते. आणि त्यांचा डबा मी स्वतः भरते."

फोन ठेवून चिझुरूने याद्या छापून पाठवायचा निरोप कचेरीत धाडला. मग माझ्या समोरचा वाडगा उचलून तिने घोट घेतला.

"यात मिसो नाहीये."

"नाही."

"सांगितलं का नाही?"

"तू गरम आहे का एवढंच विचारलंस असं वाटलं."

मंगळवारी कचेरीत कुणी काही बोललं नाही. बुधवारी दुपारी नारिआईचा निरोप आला. 'घरं चार. सोबा शून्य. मी आधी मुद्दाम बिघडवून पाहिलं, लाल झालं होतं.' आभार वगैरे नाहीत. तिने तो निरोप दोनदा वाचला. पान त्याच दिवशी चालू झालं. दगडी पूल हे नावही चालूच आहे.

मला वाटलं, आता ती बसेल. बसली नाही. कंपनीच्या सगळ्या जुन्या कामांतल्या 'नाही ना?' विचारणाऱ्या चाचण्या तिने काढायला घेतल्या. दोनशे चौदा निघाल्या. रोजच्या कामाशिवाय, रोज दहा. त्यातल्या सतरा रिकाम्या प्लॉटवर जात होत्या.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी बर्फ साचला, बस बंद झाल्या, म्हणून ती घरीच होती. माझा डबा मात्र वेळेवर आला, नव्या पानावरून भरलेला पहिला. मी झाकण काढून बाजूला ठेवलं. कप्पे सहा. चॉपस्टिकने प्रत्येक कप्पा उलटापालटा करून पाहिला.

"काका, जेवताय की शोधताय?"

"सोबा बघतोय. नाहीये."

"डबा कुणाचा आहे ते बघितलं का?"

नव्हतं बघितलं. झाकण टेबलावर पालथं पडलं होतं. मी ते सुलटं केलं. वर चिठ्ठी होती, कात्सुबे तात्सुझो, सोबा नको. मी बोट रोखलं आणि मोठ्याने म्हणालो, "माझाच, बरोबर."

तोपर्यंत ती खिडकीपाशी पोचली होती.